इंडक्शन शेगडी अडते तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी विजेच्या शेगडीविषयी, म्हणजे आपण जिला इंडक्शन म्हणतो तिच्याविषयी, चार शब्द सांगणार आहे. गॅस संपला की आपण तिच्याकडे धाव घेतो आणि नेमकी त्याच वेळी ती टीं टीं करून अडून बसते. मग दुरुस्तीवाला येतो, "आतला बोर्ड जळाला" म्हणतो आणि आपण मुकाट्याने पैसे काढून देतो. आमच्या मजल्यावरील एका काकूंना असेच सांगण्यात आले होते. पैसे देण्याआधी त्यांच्या जाऊबाईंनी दुसरे पातेले ठेवून पाहिले, तो शेगडी लागलीच सुरू! दोष बोर्डाचा नव्हता, पातेल्याचा होता.

असे का व्हावे? या शेगडीत जाळ नसतो. काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा उलटसुलट धावते आणि तिच्या चुंबकी जोराने भांड्याचे बूडच तापते. म्हणून बूड चुंबक धरणारे हवे. नुसते अल्युमिनियम, तांबे, पितळ चालत नाही. स्टीलचीही सगळी भांडी चालत नाहीत. घरातला लोहचुंबक बुडाला लावून पाहावा. घट्ट चिकटला तर बहुधा भांडे चालते. बूड सपाट व पुरेसे रुंदही असावे.

शेगडी सुरू होऊन मधेच बंद पडत असेल, तर वारा पाहावा. आतले भाग तापतात, त्यांना थंड ठेवायला लहानसा पंखा असतो. शेगडी भिंतीला टेकवली, खाली वर्तमानपत्र किंवा प्लॅस्टिक पसरले, की जाळी बुजते. तेलकट धूळ आणि झुरळे यांचीही तीच वस्ती. प्लग काढून, शेगडी निवल्यावर जाळी कोरड्या ब्रशाने झाडावी. स्वयंपाक झाल्यावर आतला पंखा थांबेपर्यंत मात्र प्लग काढू नये.

तिसरी गोष्ट सॉकेटची. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर वीज ओढते. ६ अँपिअरच्या लहान सॉकेटला ती जोडू नये. १६ अँपिअरचे मोठे, तीन भोकांचे सॉकेट हवे. प्लग तापत असेल, काळा पडला असेल, जळका वास येत असेल, तर शेगडीआधी वायरमनला बोलवावे. विजेचा दाब फार उतरला किंवा चढला तरीही शेगडी आपणहून थांबते.

शेगडीवर ई हे अक्षर आणि एखादा आकडा दिसतो. तो अगोदर कागदावर टिपून घ्यावा. प्रत्येक कंपनीचा अर्थ निराळा असतो, म्हणून सोबतची पुस्तिका रद्दीत घालू नये.

आता, आपण कोठे थांबावे तेही सांगते. झाकणाचे स्क्रू आपण काढू नयेत. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते आणि तिचा झटका जीवावर बेततो. काच तडकली असेल तर शेगडी वापरूच नये. सांडलेले पाणी आत उतरते. प्लग लावताच घरचा खटका पडत असेल, तर पुन्हा पुन्हा चढवून पाहू नये. ही कामे जाणकाराचीच.

पण जाणकार आला तरी आपण मुकाट का बसावे? काय बदलले ते विचारावे, जुना भाग परत मागावा, पावती घ्यावी. कोणी म्हणेल, "बाई, तुम्हाला यातले काय कळते?" तेव्हा भांडे पाहिले, जाळी झाडली, सॉकेट तपासले आणि आकडाही टिपला, एवढे शांतपणे सांगावे. हे समजायला मोठी शाळा लागत नाही. घरातला पैसा आणि घरातल्या माणसांचा जीव, दोन्ही आपल्याच हाती असतात.