मस्कॅट द्राक्षाचें कूळ

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त खोडद येथें आम्हीं दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं धर्मगुरूनें बोलावयाचें म्हणजे तें एखाद्या संताच्या चरित्रावर किंवा धर्मग्रामाच्या इतिहासावर असावें, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. तीं दोन्ही कामें इतर वक्त्यांनीं उत्तम प्रकारें केलेलीं आहेत. आम्ही आज आपल्या रोजच्या उद्योगाविषयींच बोलणार आहों. खोडद, नारायणगांव व भोंवतालचा हा सारा पट्टा द्राक्षबागांचा. आपल्यापैकीं पुष्कळांचें पोट त्यांवर चालतें. अलीकडे भेटीसाठीं कोणाच्याहि घरीं जावें, तों एकच प्रश्न पुढें येतो : ‘फादर, बाग ठेवावी कीं काढून टाकावी?’ याचें शास्त्रशुद्ध उत्तर देण्याइतकें शेतीचें ज्ञान आम्हांस नाहीं. परंतु ज्या वेलीवर आपला संसार चढलेला आहे, तिचें गोत्र तरी आपणांस ठाऊक असावें, असें आम्हांस वाटतें. गोत्र कळलें म्हणजे निर्णय करणें थोडें सोपें जातें. म्हणून द्राक्षांच्या एका अतिप्राचीन कुळाची हकीकत आज सांगतों.

हें कूळ भूमध्य समुद्राच्या कांठचें, नांव ‘मस्कॅट’. इटलींत त्यास ‘मोस्कातो’ म्हणतात, स्पेनांत व पोर्तुगालांत ‘मोस्कातेल’. नांव ऐकतांच आपणांस मस्कत बंदर आणि तेथून येणारे खजूर आठवतील. पण त्या बंदराशीं या द्राक्षाचा संबंध असल्याचा पुरावा नाहीं. नांवाचें मूळ कस्तुरींत आहे. कस्तुरीस फारसींत ‘मुश्क’ म्हणतात. तोच शब्द ग्रीक व लॅटिन या भाषांतून युरोपभर गेला, आणि जें द्राक्ष सुवासिक तें ‘मस्कॅट’ ठरलें. दुसरें एक मत असें कीं, लॅटिन भाषेंत ‘मुस्का’ म्हणजे माशी. गोड घडांवर माशा घोंगावतात, म्हणून हें नांव. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें पहिल्या शतकांत ‘आपियाना’ नांवाच्या द्राक्षाचें वर्णन केलें आहे. ‘आपिस’ म्हणजे मधमाशी. त्या द्राक्षांवर मधमाशा तुटून पडतात, म्हणून तीं ‘आपियाना’. तीं मस्कॅटच असावींत असें पुष्कळ विद्वान मानतात, कांहीं मानीत नाहींत. कस्तुरी म्हणा, माशी म्हणा, बोट एकाच गुणाकडे जातें. तो गुण म्हणजे सुगंध.

हा सुगंध मोठा चिवट आहे. बहुतेक जातींचा रस आंबून द्राक्षारस झाला कीं मूळ फळाचा वास मागें पडतो. मस्कॅटचें तसें नाहीं. तिच्या द्राक्षारसास ताज्या द्राक्षाचाच वास येतो. त्याचें कारण सालींत व सालीलगतच्या गरांत असलेलीं कांहीं द्रव्यें. रसायनशास्त्रज्ञ त्यांस लिनालूल, जेरानिऑल, नेरॉल अशीं नांवें देतात. यांपैकीं लिनालूल आपल्या घरच्या धण्यांत भरपूर असतें, आणि जेरानिऑल गुलाबाच्या फुलांत. म्हणजे हा वास आपणांस अगदींच परका नव्हे. गेल्या वीस वर्षांतील संशोधनानें असेंहि दिसून आलें आहे कीं, वेलीच्या एका जनुकांत एकाच ठिकाणीं झालेल्या लहानशा बदलामुळें हीं द्रव्यें इतक्या विपुलतेनें तयार होतात. बदल राईएवढा, आणि त्याचा दरवळ हजारों वर्षांचा!

आतां वंशावळ पाहूं. ‘मस्कॅट’ हें नांव लावणाऱ्या जाती दोनशेंहून अधिक आहेत. पण आडनांव एक म्हणून सर्व सख्खे भाऊ ठरत नाहींत. मूळ गादी बारीक मण्यांच्या पांढऱ्या मस्कॅटची. मणी लहान व गोल, वास सर्वांत नाजूक. फ्रान्सांतील फ्रोंतिन्याँ, इटलींतील आस्ती, ग्रीकांचें सामोस बेट, हीं सर्व तिचीं नामांकित ठिकाणें. दक्षिण आफ्रिकेंतील कॉन्स्टान्शियाचा मळा १६८५ सालचा. तेथील गोड द्राक्षारस सेंट हेलेना बेटावर बंदिवासांत असलेल्या नेपोलियनास पाठविला जात असे, तोहि याच कुळांतला. या वेलीस क्वचित् गुलाबी, तांबूस किंवा तपकिरी मण्यांची फांदी फुटते. अशीच तपकिरी मस्कॅट ऑस्ट्रेलियांत रदरग्लेन येथें प्रसिद्धीस आली आहे.

दुसरी ‘अलेक्झांड्रियाची मस्कॅट’. मणी मोठा व लांबट. ऊन जितकें कडक तितकी ही खूष. नांवावरून ही मिसर देशची वाटते. परंतु जनुकांच्या परीक्षेवरून ती पहिलीचीच लेक ठरली. तिचें दुसरें जन्मदाते झाड म्हणजे ‘आक्सिना दे त्रेस बियास’ ही सार्डिनिया बेटावरील वेल. सिसिली आणि आफ्रिका यांच्या मधल्या पांतेल्लेरिया बेटावर अलेक्झांड्रियाच्या मस्कॅटीस ‘झिबिब्बो’ म्हणतात. अरबी भाषेंत ‘झबीब’ म्हणजे मनुका. त्यावरून हें नांव पडलें. तेथें वारा इतका घोंघावतो कीं मांडव टिकत नाहीं. म्हणून शेतकरी जमिनींत खळगा करून त्यांत वेल झुडपासारखी बुटकी राखतात. ही त्यांची लागवडीची रीत युनेस्कोनें २०१४ सालीं मानवजातीच्या वारशांत नोंदविली. स्पेनांतील मालागाच्या मनुका याच जातीच्या.

तिसरी ‘हँबुर्गची मस्कॅट’. अलेक्झांड्रियाच्या मस्कॅटीचा ‘शियावा ग्रोसा’ नांवाच्या काळ्या द्राक्षाशीं संकर होऊन ही जन्मली. १८५० च्या सुमारास इंग्लंडांतील बागाईतदारांनीं कांचघरांतून तिची लागवड केली. मणी जांभळट काळा. हिची ओळख पुढें पुन्हां होईल. चौथी ‘ओतोनेल’, १८५२ सालीं फ्रान्सांतील आँजे येथें निपजलेली. थंड हवेंतहि लवकर पिकते, म्हणून अल्सास व ऑस्ट्रिया या प्रांतीं रुजली.

या कुळाच्या प्रवासांत ख्रिस्तसभेचाहि हात आहे. पवित्र मिस्सेस जो द्राक्षारस लागतो, तो द्राक्षवेलीच्या फळाचा, नैसर्गिक व न बिघडलेला असला पाहिजे, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. त्यामुळें मिशनरी जेथें गेले तेथें वेल बरोबर गेली. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं अमेरिका खंडांत ‘लिस्तान प्रिएतो’ नांवाची साधी काळी वेल नेली. मिशनांच्या आवारांत लावली गेल्यामुळें कॅलिफोर्नियांत तिचें नांवच ‘मिशन’ पडलें. चिलींत तीच ‘पाईस’. मागोमाग अलेक्झांड्रियाची मस्कॅटहि तिकडे पोंचली. अर्जेंटिनांत दोघी शेजारीं वाढल्या, आणि कोणीं मुद्दाम न करतां त्यांचा संकर होऊन ‘तोरोंतेस’ ही नवी सुवासिक जात उत्पन्न झाली. आज त्या देशास तिचा मोठा अभिमान आहे. एक मिशनची गरीब मजूर, दुसरी घरंदाज सुवासिनी, आणि लेक दोघींहून सरस.

आतां आपल्या देशाकडे वळूं. दख्खनेंत द्राक्ष नवें नाहीं. चौदाव्या शतकांत इब्न बतूता हा प्रवासी दौलताबादेस आला. तेथें द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोनदां फळतात, असें त्यानें लिहून ठेविलें. थंड देशांत वेल हिवाळाभर झोंपते. आपल्याकडे ती झोंपत नाहीं. म्हणून तर आपण एप्रिलांत खरड छाटणी व ऑक्टोबरांत फळछाटणी अशी तिला दोनदां कात्री लावतों, आणि पीक एकदांच घेतों. पूर्वी नाशिकच्या बाजूस भोकरी, फकडी, पंढरी साहेबी या बियांच्या जाती नांवाजलेल्या होत्या. पुण्यास गणेशखिंडींत पंढरी साहेबीपासून ‘चीमा साहेबी’ निवडून काढण्यांत आली. आज हीं नांवें वृद्धांच्या तोंडींच उरलीं आहेत.

मस्कॅटीचें भारतांतील माहेर तमिळनाडूंत, थेनी जिल्ह्यांतील कंबमच्या खोऱ्यांत. तेथील ‘पन्नीर द्राक्ष’ म्हणजेच हँबुर्गची मस्कॅट. हीसच आपण ‘गुलाबी’ म्हणतों. पन्नीर म्हणजे गुलाबपाणी. दोन प्रांतांच्या लोकांनीं एकमेकांस न विचारतां एकच नांव ठेविलें, यावरून त्या वासाची खूण पटते. या द्राक्षास २०२३ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. १८३२ सालीं एका फ्रेंच धर्मगुरूनें ही वेल तमिळ देशीं आणली, असें तिकडे सांगतात. इंग्लंडांतील नोंद त्यानंतरची असल्यानें ही तारीख जशीच्या तशी धरतां येणार नाहीं. तिला परंपरा म्हणावें, हेंच प्रामाणिकपणाचें. पण कंबमचे शेतकरी, त्यांत हिंदु बांधवहि आले, वेलीचें श्रेय एका परदेशी पाद्र्यास आजहि देतात, ही गोष्ट आम्हांस तारखेहून मोठी वाटते.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. आपल्या जुन्नर तालुक्यांत आज काय आहे? १९६० नंतर महाराष्ट्रांत ‘थॉम्पसन’ ही बिनबियांची जात पसरली. तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन हीं नांवें निरनिराळीं, पण तीं सर्व थॉम्पसनच्याच वेलींतून निवडलेलीं. काळ्यांत ‘शरद’ व ‘जंबो’. ‘शरद’ ही सोलापूर जिल्ह्यांतील नान्नजच्या नानासाहेब काळे यांनीं ‘किशमिश चोर्नी’पासून निवडली. या जातींनीं आपणांस पक्कीं घरें दिलीं, मुलांस शिक्षण दिलें, हें उपकार विसरतां कामा नये. परंतु बिनबियांच्या वेलीची वाढ काडीनेंच होते. लेक आईचीच हुबेहूब प्रत असते. मैलोगणती एकच वेल उभी राहते, आणि ज्या रोगास एक बळी पडते त्यास सर्वच पडतात. २००९ सालच्या नोव्हेंबरांत ‘फयान’ वादळाच्या अवकाळी पावसानें केवडा असा पसरला कीं हजारों बागाईतदारांचा हंगाम बुडाला. पुढच्याच वर्षीं युरोपांत आपल्या द्राक्षांत एका औषधाचा अंश सांपडला म्हणून निर्यात अडकली. नारायणगांवास १९८० नंतरच्या काळांत द्राक्षारसाचा मोठा कारखाना उभा राहिला, फेसाळ द्राक्षारस परदेशीं जाऊं लागला. पुढें तीहि कंपनी कर्जांत बुडून बंद पडली. एकच जात, एकच बाजार, एकच गिऱ्हाईक यांवर सगळा भार टाकला कीं काय होतें, हें आपणांस पुस्तकांतून शिकावयास नको.

मग गुलाबी लावावी काय? बंधुहो, तसा सल्ला आम्ही देत नाहीं. गुलाबीचा मणी लहान, आंत बिया. केवडा व तांबेरा तिलाहि सोडीत नाहींत. आणि आपल्या बाजारास मोठा, बिनबियांचा, टिकाऊ मणी हवा. कर्ज काढून हौस करूं नये. आमचें म्हणणें एवढेंच आहे. एका वाईट हंगामाच्या रागानें सबंध बाग तोडूं नका, आणि एका चांगल्या हंगामाच्या आनंदानें सबंध जमीन एकाच जातीस देऊं नका. बांधाला चार वेली निराळ्या राखा. मांजरी येथें १९९७ पासून द्राक्षांचें राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. तेथें जाऊन विचारा. नव्या जाती जुन्यांच्या संकरांतून होतात. जुन्या जातीच बुडाल्या तर उद्यांच्या संशोधकानें संकर कशाशीं करावा? ‘तोरोंतेस’ जन्मली, कारण एका मळ्यांत दोन वेगळ्या वेली होत्या.

याचा आरंभ देवळाच्या आवारांतून व्हावा, अशी आमची सूचना आहे. ज्युबिलीची आठवण म्हणून संगमरवरी पाटी बसविण्याचा विचार चालला आहे. पाटीस आमचा विरोध नाहीं. पण तिच्याशेजारीं गुलाबीचा एक मांडव उभा करावा. खात्रीच्या रोपवाटिकेंतून रोपें आणावींत, तरुण मंडळानें तीं जोपासावींत, आणि छाटणीच्या वेळीं ज्या कुटुंबास हवी त्यास काडी फुकट द्यावी. घरीं द्राक्षारस गाळण्याचा मोह मात्र कोणीं धरूं नये. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें त्यास परवाना लागतो, आणि मिस्सेचा द्राक्षारस रीतसर मार्गानेंच आला पाहिजे. हीं द्राक्षें मुलांनीं, आजाऱ्यांनीं व वाटसरूंनीं खावींत.

शेवटीं एक गोष्ट सांगतों. युरोपांत द्राक्षें भाद्रपदाच्या आगेंमागें पिकतात. म्हणून कित्येक ठिकाणीं ६ ऑगस्टला, प्रभूच्या रूपांतराच्या सणीं, पहिल्या घडांस आशीर्वाद देण्याची जुनी चाल आहे. त्या दिवशीं आपल्या वेलींवर पानांखेरीज कांहीं नसतें. आपलीं द्राक्षें पिकतात तीं माघ-फाल्गुनांत, उपवासकाळाच्या आंत-बाहेर. जगाच्या सुगीचा महिना वेगळा, आपला वेगळा. तेव्हां त्या घडांचा आशीर्वाद आपण आपल्याच सुगींत घ्यावा. आवारांतील मांडवास पहिला घड लागेल त्या रविवारीं तो विधि करण्यास आम्ही सिद्ध आहों. त्या दिवशीं आपल्या टोपल्या घेऊन या. थॉम्पसन असो, शरद असो, जंबो असो. आणि ज्याची बाग त्या सालीं गेली असेल, त्यानें रिकाम्या हातानें यावें, पण यावें. घड त्याच्याहि हातीं पडेल, ही व्यवस्था आपण सर्वांनीं मिळून करावयाची आहे.

परमेश्वर आपल्या मळ्यांस पाऊस वेळेवर देवो, आणि आपल्या घरांस शांति.