प्रस्थापितास पाडणारे मत
(फैजपूर येथे निवडणूक-कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

बंधु-भगिनींनो, आणि हा मजकूर छापून आल्यावर तो वाचणाऱ्या वाचकहो,

फैजपूर म्हटले की १९३६ चा डिसेंबर आठवतो. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन ते याच गावी. पंडित नेहरू अध्यक्ष होते. गांधीजी आले होते. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावठी साहित्य वापरून टिळकनगर शृंगारले होते. शेतसारा व खंड कमी व्हावा, कर्जाचे ओझे हलके व्हावे, शेतमजुराला पोटापुरती मजुरी मिळावी, असा शेतकी कार्यक्रमही त्या अधिवेशनाने मंजूर केला. हे सारे खरे आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

पण त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये मुंबईत आणखी एक गोष्ट घडली होती, आणि तिचा गाजावाजा फारसा झाला नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला होता. त्या पक्षाजवळ मांडव उभारण्याएवढे पैसे नव्हते, गावोगावी फिरावयास मोटारी नव्हत्या, पाठीशी शेटजी नव्हते. फैजपूरच्या अधिवेशनानंतर पुरते दोन महिनेही लोटले नाहीत तोच, फेब्रुवारी १९३७ मध्ये, मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली. एकंदर १७५ जागांपैकी ८६ काँग्रेसने जिंकल्या. परंतु अनुसूचित जातींच्या ज्या १३ राखीव जागा स्वतंत्र मजूर पक्षाने लढविल्या, त्यांतील ११ त्याने पटकाविल्या. या आपल्या पूर्व खानदेशातूनही त्या पक्षाचे दौलत गुलाजी जाधव निवडून गेले. ज्या जिल्ह्यात एवढा मोठा मेळावा भरला, त्याच जिल्ह्यात तो मेळावा भरविणाऱ्यांना एक जागा गमवावी लागली.

आजचा माझा विषय हाच आहे. ज्याच्या हाती सत्ता, पैसा आणि नावलौकिक आहे, अशा माणसाला साधने नसलेला माणूस मतदानाने खाली उतरवू शकतो काय? उतरवू शकत असेल तर कशाच्या बळावर? आपल्या वस्त्यांतून या प्रश्नाचे उत्तर आजही बहुधा एकच मिळते : ‘त्यांना कोण पाडणार?’ हे वाक्य ज्याच्या तोंडी बसले त्याचे मत मोजणीपूर्वीच गेले असे समजावे. पाडता येणार नाही अशी खात्री झाली की माणूस मत विकतो, फुकट देतो, नाहीतर घरी बसतो. तेव्हा पहिली लढाई उमेदवाराशी नाही. ती या वाक्याशी आहे.

हे वाक्य महाराष्ट्रात सर्वांत ठळकपणे खोटे पडले ते १९६७ साली, दक्षिण मुंबईत. तेथील खासदार सदाशिव कानोजी पाटील. मुंबईचे तीन वेळा महापौर, दिल्लीत मंत्री, मुंबईच्या काँग्रेसचे सर्वेसर्वा. १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तीन निवडणुका त्यांनी ओळीने जिंकल्या होत्या. संयुक्त महाराष्ट्राला त्यांचा विरोध होता, आणि १९५७ मध्ये त्या चळवळीच्या लाटेत मोठमोठे पडले तरी स. का. पाटील टिकले. लोक त्यांना मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणत.

त्यांच्या विरोधात उभे राहिले जॉर्ज फर्नांडिस. हा मंगळूरचा तरुण १९४९ साली मुंबईस आला तेव्हा त्याला निवारा नव्हता, रस्त्यावर झोपून त्याने दिवस काढले. पुढे टॅक्सीचालक, हॉटेलांतील कामगार, महापालिकेचे कामगार यांच्या संघटना त्याने बांधल्या, आणि १९६१ मध्ये तो महापालिकेत निवडून गेला. त्या निवडणुकीत प्रचाराचा जो मुद्दा गाजला तो अगदी साधा होता. परमेश्वरालाही आपणांस पाडता येणार नाही, अशा अर्थाचे उद्गार पाटलांनी काढल्याचे प्रसिद्ध झाले. फर्नांडिसांच्या कार्यकर्त्यांनी भिंतीभिंतींवर त्याचे उत्तर लावले : परमेश्वराला जमणार नसेल, पण मतदारा, तुला जमेल.

वाचकहो, या उत्तरात काय होते ते नीट पाहावे. त्यात पाटलांना शिवी नव्हती आणि स्वतःची स्तुतीही नव्हती. मतदाराला त्याच्या शक्तीची आठवण करून दिली होती, एवढेच. आणि ही आठवण कोणी पोहोचविली? दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या टॅक्सीवाल्याने, टेबल पुसणाऱ्या पोऱ्याने, पहाटे रस्ता झाडणाऱ्या कामगाराने. ज्यांना शहराने कधी मोजले नव्हते, त्यांनीच मते मोजून आणली. पाटील पडले.

त्याच निवडणुकीत मद्रास राज्यात विरुदुनगर येथे कामराज पडले. ते राज्याचे माजी मुख्यमंत्री आणि काँग्रेसचे अध्यक्ष. त्यांना पाडणारा एक विद्यार्थी पुढारी. अंतर अवघे १,२८५ मतांचे. आपल्याजवळचेच उदाहरण घ्यावयाचे तर २०१९ मध्ये मुक्ताईनगरला, जेथे कित्येक वर्षे एका घराचे वर्चस्व होते, तेथे अपक्ष उमेदवार १,९५७ मतांनी निवडून आला. यांपैकी कोणाचा पक्ष बरा, कोणाचा वाईट, हा आजचा विषय नव्हे. मी आकड्यांकडे बोट दाखवीत आहे. एवढी मते दोन मतदान केंद्रांच्या यादीत मावतात. ‘माझ्या एका मताने काय होते?’ असे म्हणणाऱ्याला हे आकडे पाठ करावयास लावावेत.

आता दुसरी गोष्ट. उत्साह पुरेसा नसतो; मत कसे मोजले जाते ते कळावे लागते. हा धडा आपल्या चळवळीने फार महाग किंमत देऊन घेतलेला आहे.

१९३७ साली मुंबई प्रांतात अनेक जागांच्या मतदारसंघात, जितक्या जागा तितकी मते मतदाराला असत, आणि ती सारी मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. संख्येने थोडे असलेल्या समाजाने मते विखुरली तर ती बुडत, एकवटली तर तरत. बाबासाहेबांच्या कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत हेच समजावून सांगितले. बाबासाहेबांच्या विरुद्ध काँग्रेसने पाळवणकर बाळू यांना उभे केले होते. ते मोठे क्रिकेटपटू, अस्पृश्य समाजाचेच, आणि सर्वांच्या आदराचे. तरीही बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली.

१९५२ साली नियम बदललेला होता. प्रौढ मताधिकार आला होता. पूर्वी मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांच्या अटींनी जे बाहेर ठेवले गेले होते ते सारे मतदार झाले होते. हा लाभ केवढा मोठा! परंतु दोन जागांच्या मतदारसंघात दोन्ही मते एकाच उमेदवाराला देणे आता चालत नव्हते. उत्तर मुंबईत बाबासाहेब उभे राहिले आणि काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून १४,५६१ मतांनी पराभूत झाले. त्याच मतदारसंघात सत्तर हजारांहून अधिक मते बाद ठरली होती. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी त्याविरुद्ध निवडणूक अर्ज केला; तो फेटाळला गेला. या दोन आकड्यांवरून कोणी काय अनुमान काढावे हे मी सांगत नाही. मात्र एवढे निश्चित, की संविधान लिहिणाऱ्या पुरुषाच्या मतदारसंघातही मतपत्रिका वाया जाऊ शकतात. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले, आणि आता मतदान यंत्रावर होते. पण मत वाया जाण्याचे मार्ग बंद झाले नाहीत. आज ते मतदान केंद्रावर जात नाही, यादीतच जाते.

यादीची गोष्ट खानदेशच्या माणसाला विशेष लागू आहे. सालदार दर वर्षी धनी बदलतो आणि धन्याबरोबर गाव बदलतो. ऊसतोडीला गेलेले कुटुंब महिनोन् महिने परत येत नाही. सातपुड्यातील पाड्यावरची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात जाते. तिचे नाव माहेरच्या यादीतून जाते, सासरच्या यादीत येत नाही. केळीच्या बागेत पहाटे घड कापावयास जाणारा मजूर मतदानाच्या दिवशी परत येईतो केंद्र बंद होण्याची वेळ होते. हे सारे आपले मतदार. आणि आपण मात्र शेवटच्या आठवड्यात ध्वनिवर्धक लावून त्यांना हाका मारीत बसतो! पूर्वी १ जानेवारीला अठरा वर्षे पुरी झालेल्यांनाच त्या वर्षी नाव घालता येत असे. आता जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांच्या पहिल्या तारखा त्यासाठी धरल्या जातात. म्हणजे नावनोंदणीचे काम बारमाही झाले आहे. प्रचार सुरू होण्याची तारीख आयोग जाहीर करतो. तयारी सुरू करण्याची तारीख आपली आपणच ठरवावयाची असते.

तिसरी गोष्ट सोबतीची. एकट्या समाजाच्या मतांवर खुल्या जागेवरील बलाढ्य उमेदवार पडत नाही, हे गणित आहे. त्यात अपमान मानण्यासारखे काही नाही. १९५७ मध्ये शेड्युल्ड कास्ट फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झाले, आणि त्या वर्षी दादासाहेब गायकवाड नाशिकहून लोकसभेत गेले, बी. सी. कांबळे कोपरगावहून गेले. खानदेशात तर अधिकच बोलके घडले. १९५२ साली जळगावहून काँग्रेसचे हरि विनायक पाटसकर लोकसभेत गेले होते. ते केंद्रात मंत्री झाले. हिंदू विवाह आणि वारसा यांचे कायदे संसदेत पुढे नेणारे ते विद्वान गृहस्थ. १९५७ मध्ये मात्र पूर्व खानदेशातून नौशेर भरूचा निवडून आले. पारशी समाजाची या जिल्ह्यात मते ती किती असणार? भरूचा जातीच्या मतांवर निवडून आले नाहीत. प्रश्नावर एकवटलेल्या निरनिराळ्या लोकांच्या मतांवर आले. ज्याची जात येथे नाही तो येथून निवडून येऊ शकतो, हे ज्या जिल्ह्याने करून दाखविले, त्याने ‘आपली संख्या कमी’ म्हणून रडू नये.

परंतु सोबत म्हणजे विक्री नव्हे. दुसऱ्याच्या सभेत गर्दी पुरवावयाची आणि त्याच्या विजयाच्या मिरवणुकीत मागे चालावयाचे, याला युती म्हणत नाहीत. युतीत अटी असतात, त्या लिहिलेल्या असतात, आणि त्या मतदारांना आधी वाचून दाखविलेल्या असतात.

चौथी गोष्ट, आणि ती सर्वांत कठीण. पाडणे हे साधन आहे, साध्य नव्हे. १९३७ मध्ये निवडून गेल्यावर स्वतंत्र मजूर पक्षाने काय केले? त्याच सप्टेंबरात बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधानसभेत मांडले. सरकारने ते पुढे जाऊ दिले नाही, तेव्हा जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. नोव्हेंबर १९३८ मध्ये कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. दादासाहेब गायकवाड खासदार असतानाच १९५९ साली खानदेश व मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. हजारो माणसे पडीक जमिनीच्या हक्कासाठी तुरुंगात गेली. निवडून आलेला माणूस लोकांच्या पुढे उभा राहिला, त्यांच्या डोक्यावर बसला नाही.

ज्यास हे जमत नाही त्यालाही मतदार पुढच्या खेपेस ओळखतात. आणि ज्यास जमते त्यालाही जागा कायमची मिळत नाही. स. का. पाटलांना पाडणारे जॉर्ज फर्नांडिस १९७१ मध्ये त्याच दक्षिण मुंबईत स्वतः पडले. लोकशाहीत मतदारसंघ ही कोणाची वतनदारी नाही; जुन्याची नाही, तशी नव्याचीही नाही. ज्या समाजाने वतनाची बेडी पायात वागविली आणि तोडली, त्याने मतदारसंघाचे नवे वतनदार निर्माण करू नयेत.

तेव्हा येथून जाताना प्रत्येकाने काय करावयाचे? एका मतदान केंद्राच्या यादीत साधारण हजार नावे असतात. दहा कार्यकर्त्यांनी शंभर-शंभर वाटून घ्यावीत. शंभर नावे म्हणजे पंचवीस-तीस घरे. त्या घरांत कोण आहे, कोण बाहेरगावी आहे, कोणाचे नाव गळले, कोण वारले तरी यादीत आहे, कोणावर कोणाचे कर्ज आहे आणि म्हणून कोणाची भीती आहे, हे त्या कार्यकर्त्याला ठाऊक असावे. स्त्रियांशी बोलण्यास स्त्रियांनी जावे. नवऱ्याचे मत म्हणजेच बायकोचे मत, हा समज प्रस्थापितांच्या फार उपयोगी पडतो. केंद्रात बसणारा आपला प्रतिनिधी नियम वाचलेला असावा, आणि संध्याकाळपर्यंत जागचा न हलणारा असावा. याला पैसा लागत नाही असे मी म्हणत नाही. पण जेवढा लागतो तेवढा वर्गणीतून उभा राहतो. आणि ज्याने दहा रुपये वर्गणी दिली, त्याचे मत पाचशे रुपयांना सहसा विकले जात नाही.

ज्यांच्या पूर्वजांना चावडीच्या पायरीवर बसू दिले जात नव्हते, त्यांच्या हाती आज चावडीपासून संसदेपर्यंत कोण बसेल हे ठरविण्याचे सामर्थ्य आहे. बलाढ्य माणूस पडेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. तो पडूच शकत नाही असे जो सांगतो, त्याच्यावर मात्र विश्वास ठेवू नका. यादी घ्या, आणि पहिल्या घरापासून सुरुवात करा.

जय भीम.