छत्तीसचा आकडा

मराठीत 'छत्तीसचा आकडा' असा एक वाक्प्रचार आहे. ३ आणि ६ हे देवनागरी अंक एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात. म्हणून दोघांचे पटत नसले की त्यांचा छत्तीसचा आकडा आहे असे आपण म्हणतो. सन २००० च्या जून महिन्यात माझ्या गुणपत्रिकेत गणितासमोर १०० पैकी ३६ हा आकडा छापून आला, तेव्हा वाक्प्रचार इतका शब्दशः खरा ठरू शकतो हे मला प्रथमच कळले.

मी त्या वेळी बेंगळुरूच्या एका महाविद्यालयात बी. ए. च्या पहिल्या वर्षात होतो. विषय अर्थशास्त्र, गणित आणि संख्याशास्त्र. उत्तीर्ण होण्यास ३५ गुण लागत. म्हणजे मी एका गुणाने पैलतीरी पोचलो होतो. शहाजीराजांच्या जहागिरीपासून या शहरात वास्तव्य असल्याचे आमच्या घरात मोठ्या अभिमानाने सांगितले जाई. त्या इतिहासात या ३६ गुणांना कोठे जागा द्यावी, हे कोणालाच सुचेना. अण्णांनी गुणपत्रिका पाहिली, घडी केली आणि "पास आहेस ना?" एवढेच विचारले. ते रागावले असते तर बरे झाले असते.

नापास झालेल्या विद्यार्थ्यास निदान पुन्हा परीक्षेस बसावे लागते. नियमच त्याला अभ्यासाकडे ओढून नेतो. कसाबसा उत्तीर्ण झालेल्याची स्थिती अधिक अवघड असते. त्याला कोणी थांबवीत नाही. वरच्या वर्गाचा दरवाजा उघडा असतो, नवी पुस्तके विकत घेतली जातात आणि कच्चा पाया नव्या मजल्याखाली झाकून जातो. मीही तसाच पुढे निघालो होतो.

सांत्वनास आलेल्या मामांनी लोकमान्यांचे उदाहरण दिले. डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष टिळकांनी तालीम आणि पोहणे यांत घालविले, त्या वर्षी ते परीक्षेत नापास झाले, आणि पुढे गणित घेऊन पहिल्या वर्गात बी. ए. झाले, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक नापास मुलाच्या वाट्याला कधी ना कधी येतेच. मला मात्र तेव्हाही ती पटली नाही. टिळकांनी ते वर्ष समजून उमजून खर्च केले होते. प्रकृती किरकोळ होती, ती त्यांना कमवायची होती. माझे वर्ष कोठे गेले हे मला सांगता येत नव्हते. माझी शरीरयष्टीही सुधारली नव्हती!

आमच्या गल्लीत एक निवृत्त शाळामास्तर राहत. कन्नड रीतीप्रमाणे सारे त्यांना 'मेष्ट्रु' म्हणत. अण्णांनी मला त्यांच्याकडे धाडले. त्यांनी गुणपत्रिकेकडे पाहिलेच नाही. "वर्षात चाचण्या झाल्या असतील, त्यांचे पेपर आण," म्हणाले. तीन चाचण्यांचे तपासलेले पेपर माझ्या कपाटाच्या तळाशी होते. वर्गात हाती पडले तेव्हा वरचा आकडा पाहून मी ते मिटले होते. आत काय लिहून आले आहे हे एकदाही वाचले नव्हते. विद्यापीठाची उत्तरपत्रिका पाहावयास मिळण्याचा काळ तो नव्हता. माहितीच्या अधिकाराखाली विद्यार्थ्यास आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २०११ मधला. सरकारी नोकरीत असे अर्ज पुढे आले की मला हटकून ते कपाट आठवते. जी कागदे विनासायास हाती होती, तीही मी वाचली नव्हती.

मेष्ट्रूंनी मला गमावलेल्या प्रत्येक गुणाचा हिशेब मांडावयास लावला. तिन्ही चाचण्या मिळून ७५ पैकी २८ मिळाले होते, गेले ४७. त्यांतील ९ वेळ न पुरल्याने गेले. १२ ठिकाणी कलनशास्त्रातील कल्पनाच मला समजली नव्हती. उरलेले २६ गुण चिन्हांच्या चुका, कंसाबाहेरचे ऋण आत नेताना झालेला घोटाळा, अपूर्णांक आणि त्रिकोणमितीतील साधी सूत्रे यांनी खाल्ले होते. वर्षभर मी समजत होतो की कलनशास्त्र माझ्या बुद्धीबाहेरचे आहे. प्रत्यक्षात ते शिकण्याची वेळच फारशी आली नव्हती. मी त्याच्या अंगणातच ठेचकाळत होतो.

"नववीचे बीजगणित आण," मेष्ट्रु म्हणाले. महाविद्यालयीन तरुणास याहून अपमानकारक आज्ञा कोणती असेल! कब्बन पार्कमधील शेषाद्री अय्यर स्मारक मंदिराच्या त्या १९१५ सालच्या तांबड्या इमारतीत राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. तेथे एका कोपऱ्यात बसून, पुस्तकाला वर्तमानपत्राचे वेष्टन घालून, मी चार महिने शाळकरी उदाहरणे सोडविली. ओळखीचे कोणी आले की वेष्टनावरील बातमी वाचत असल्याचा आव आणी.

याच शहरात १९३३ साली कमला भागवत नावाची मराठी मुलगी आली होती. मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत ती पहिली आली होती. पण मुलगी म्हणून विज्ञानसंस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तिला प्रवेश नाकारला, आणि तिने हट्ट धरला तेव्हा वर्षभर परीक्षाधीन म्हणून घेतले. वर्षानंतर तिची नोंद पक्की झाली आणि पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच. डी. मिळविणाऱ्या कमला सोहोनी त्या याच. माझ्या प्रसंगाशी त्यांची तुलना करणे हा उद्धटपणा होईल. त्यांच्यावर अन्याय झाला होता, माझ्यावर कोणीही केला नव्हता. परंतु पुढे सरकारी सेवेत परिवीक्षाधीन अधिकारी म्हणून रुजू झालो, तेव्हा त्या वर्षभराची किंमत मला थोडीशी कळली. रोज कोणीतरी आपल्याकडे शंकेने पाहत आहे, हे ठाऊक असूनही रोज सकाळी कामाच्या मेजाशी जाऊन बसणे सोपे नसते. मला निदान शंकेखोर असा एकटा मीच होतो.

दुसऱ्या वर्षी गणितात ५८ गुण मिळाले, तिसऱ्या वर्षी ७१. पहिल्या वर्षाचे ३६ तसेच राहिले. ते कोणत्याही पुढच्या गुणांनी पुसले जात नाहीत. एम. ए. च्या प्रवेशाच्या वेळी समोरच्या प्राध्यापकांनी नेमके त्याच आकड्यावर बोट ठेवले. मी त्यांना ४७ गुणांचा हिशेब सांगितला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचा प्रश्न अर्थशास्त्रातला विचारला.

मेष्ट्रु आता नाहीत. त्यांच्याकडे सोडविलेल्या उदाहरणांची वही माझ्याजवळ आहे. मुलीला परवा तिच्यातले पहिले पान दाखविले. त्यावर दोन अपूर्णांकांची बेरीज आहे, आणि तीही चुकलेली आहे.