वाढती वस्ती आणि महाजनांचे कर्तव्य
(संस्थानच्या वार्षिक उत्सवप्रसंगी महाजनांसमोर दिलेले व्याख्यान)



देवस्थानच्या व्यासपीठावरून घरबांधणीसारख्या ऐहिक विषयाचा ऊहापोह करणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु देव आणि वस्ती या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांनी कधीच वेगळ्या मानल्या नाहीत. सोळाव्या शतकात धर्मच्छळामुळे कुशस्थळीहून श्रीमंगेश प्रियोळास, केळशीहून श्रीशांतादुर्गा कवळ्यास, लोटलीहून श्रीरामनाथ बांदोड्यास आणि वेर्ण्याहून श्रीम्हाळसा म्हार्दोळास आली. देवांमागून कुटुंबे आली व अंत्रूज महालात नवी वस्ती उभी राहिली. ती वस्ती संकटात वसली, तरी जमिनीची जाण ठेवून वसली. वर सडा मोकळा, उतारावर झाडी, पायथ्याशी झर आणि तळी, तिच्या आसपास देऊळ व घरे, त्याखाली कुळागर, शेत आणि खाजन, असा तिचा क्रम होता.

या क्रमाला कारण आहे. आपला सडा जांभ्या दगडाचा. हा दगड सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यात जिरते, हळूहळू खाली उतरते आणि पायथ्याशी झर म्हणून प्रकट होते. चैत्र-वैशाखात तळीत जे पाणी दिसते, ते मागच्या आषाढ-श्रावणाची ठेव होय. सडा काँक्रिटने झाकला, उतार कापला, की तेच पाणी पावसाळ्यात लोंढा होऊन शेतात शिरते आणि उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडतात. शिवाय दाट वस्तीतील शोषखड्ड्यांचे दूषित पाणी याच जांभ्यातून शेजारच्या विहिरीत पोहोचू शकते. म्हणून एखाद्या गावात किती घरे मावतील, हे जमिनीच्या क्षेत्रफळाआधी पाण्याने ठरले पाहिजे.

मुक्तीच्या वेळी, १९६१ च्या सुमारास, गोव्याची लोकसंख्या सहा लाखांच्या आत होती. २०११ च्या जनगणनेत ती १४ लाख ५८ हजारांवर गेली आणि त्यांतील सुमारे ६२ टक्के लोक नागरी भागात राहणारे ठरले. माणसे वाढली, त्यांना घरे हवीत. या वाढीला विरोध करणे न्याय्यही नाही आणि शक्यही नाही. प्रश्न आहे तो घरे कोठे, कोणासाठी आणि कोणाच्या संमतीने बांधावयाची, हा.

कायदे आपल्याकडे आहेत. नगर व ग्राम नियोजन कायदा १९७४ चा आहे. त्याच्या १७-अ कलमानुसार डोंगर कापण्यास वा सखल जमीन भरण्यास पूर्वपरवानगी लागते. २००६ साली अधिसूचित झालेला प्रादेशिक आराखडा जनक्षोभामुळे २००७ मध्ये मागे घ्यावा लागला. त्यानंतरच्या '२०२१'च्या आराखड्याचे मसुदे गावोगावी लोकांपुढे ठेवले गेले. याच कायद्यात २०२३ साली आराखड्यातील जमिनीचा वापर प्रकरणागणिक दुरुस्त करण्याची तरतूद घालण्यात आली आणि तिचा वाद न्यायालयात गेला. संपूर्ण गावाचा विचार करून आखलेली रेषा एकेका तुकड्यासाठी सरकू लागली, की आराखड्याला अर्थ उरत नाही.

परंतु सर्व दोष शासनाच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. उतारावरची जमीन विकतो कोण? पुष्कळदा आपणच. वडिलोपार्जित घर बंद असते, भावंडे मुंबई-पुण्यात वा परदेशी असतात, आणि सर्व्हे क्रमांकापलीकडे त्या जमिनीची कोणालाच ओळख नसते. दुसरीकडे, पिढ्यान्‌पिढ्या देवाची सेवा करणाऱ्या कुटुंबांतील तरुणांना आपल्याच गावात दोन खोल्या परवडत नाहीत. १९७५ च्या मुंडकार कायद्याने राहत्या घराला संरक्षण दिले. वाढत्या कुटुंबाला दुसरे घर मात्र कोठून मिळणार? उद्या पालखीला खांदा द्यावयास गावात कोण उरेल, याचा विचार आपण करावयास हवा.

म्हणून तीन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली, देवस्थानच्या व महाजनांच्या जमिनींतील झरी, ओहोळ आणि तळीकडे उतरणारे पाणलोट यांचा नकाशा समितीने तयार करावा व तेथे बांधकाम होऊ देऊ नये. दुसरी, घरबांधणीस योग्य अशा सपाट जागा निवडून, कायद्याच्या चौकटीत, सेवेकरी व स्थानिक कुटुंबांच्या सहकारी गृहनिर्माणाला प्रथम हक्क द्यावा. तिसरी, उत्सवाला येणाऱ्या महाजनांपैकी ज्यांची नावे गावच्या मतदारयादीत आहेत, त्यांनी ग्रामसभेलाही यावे. आराखड्याचा मसुदा तेथे वाचला जातो.

पूर्वजांनी परक्या भूमीत देवासाठी जागा शोधताना आधी पाणी पाहिले. ती जागा आज आपल्या हाती आहे. तळीतील झर अखंड वाहती राहो आणि तिच्या काठी सर्वांना निवारा मिळो, अशी श्रीचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.