सांडपाण्याची मोटार आणि आपण
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीतील भाषण)



बचतीचा हिशोब झाला, आता पाच मिनिटं गटारीवर बोलते. हसू नका!

आपल्या मोरीचं, न्हाणीचं पाणी उताराने वाहतं. पण सखल भागात उतार संपतो. म्हणून काही गावांत तिथे एक विहीर बांधतात. सांडपाणी आधी जाळीतून जातं, मग विहिरीत साठतं. पाणी चढलं की तरंगणारा गोळा वर उचलला जातो आणि आतली मोटार आपोआप सुरू होते. पाणी उतरलं की बंद. मोटार ते पाणी पाइपातून शुद्धीकरणाच्या तळ्यापर्यंत ढकलते. मोटार बंद पडली, तर पाणी तुंबून आधी खालच्या आळीतल्या घरांत शिरतं.

गेल्या पावसाळ्यात मी काम करते त्या एका गावात असंच झालं. मोटार अडकली. ती बघणारा दादा कपडे खोचून थेट विहिरीत उतरायला निघाला. तिथल्या गटाच्या एका मावशींनी त्याचा हात धरला, म्हणून वाचला. अशा विहिरीत सडक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायू साठतो. तो फार वाढला की नाकाला वासच येत नाही आणि माणूस जागीच कोसळतो. त्याला काढायला उतरलेलाही वर येत नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.

शेवटी साखळीने मोटार वर ओढली. आत काय निघालं? जुन्या साडीचा तुकडा आणि पॅड.

ते आपल्याच घरांतून गेलं होतं. लाज वाटते, म्हणून आपण गुपचूप टाकतो. पण आपली लाज कुणाच्या जिवावर नको.

म्हणून एवढं करू या:
- पॅड कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यातच टाकायचं. चिंध्या, केस, पिशव्याही गटारीत नकोत.
- तळणीचं तेल मोरीत ओतायचं नाही. ते पाइपात थिजतं.
- पन्हाळीचं पाणी गटारीला जोडायचं नाही. तेवढं पाणी मोटारीला झेपत नाही.
- लाइट गेली की धुणं थोडं थांबवायचं.
- पाणी तुंबलं की लगेच ग्रामपंचायतीला कळवायचं. झाकण स्वतः उघडायचं नाही, कुणाला आत उतरू द्यायचं नाही.

हा विषय येत्या ग्रामसभेत मांडू या. जाळी कोण, कधी साफ करणार आणि त्याला हातमोजे, बूट मिळतात का, हे आपणच विचारायचं. विचाराल ना?