मासे खाऊन अंग का पेटतं?

(आरोग्यसेविका व पाडा-स्वयंसेवकांच्या शिबिरात आमच्या एका ज्येष्ठ परिचारिकेने केलेले भाषण.)



मला सांगितलं होतं की टीबीच्या रुग्णांच्या आहारावर बोला. ते मी बोलेनच, पण आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. तुमच्या हातून ती होऊ नये, एवढ्याचसाठी.

जव्हारकडच्या एका पाड्यावर तिशीतली एक बाई होती. वजन अडतीस किलो. थुंकीत टीबी निघाला, रोजच्या तीन गोळ्या सुरू झाल्या. घरात चार वर्षांची मुलगी. तिला तपासलं, आजार नव्हता. पण आई खोकत होती, म्हणून मुलीला बचावाची छोटी गोळी सहा महिन्यांसाठी दिली. मी आईला बजावलं, "बाई, नुसत्या भाकरीवर हे औषध झेपायचं नाही. अंडं खा, डाळ खा, मासे खा." सरकारकडून आहारासाठी पैसे मिळतात तेही समजावलं. मासे खा, हे मी दोनदा सांगितलं. आजही ते शब्द माझ्या कानांत आहेत.

दुसऱ्या महिन्यात भातकापणी चालू होती. मजुरीचे पैसे हातात आले होते. नवऱ्याने बाजारातून बांगडे आणले. बायकोला ताकद यावी म्हणूनच आणले. ते बांगडे डहाणूकडून मोटारसायकलवर, क्रेटमध्ये आले होते. बर्फ वाटेतच विरघळला होता. सकाळी घेतले, दिवसभर पिशवीत खुंटीला टांगून राहिले आणि रात्री कालवण झालं. ऑक्टोबरचं ऊन किती असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

जेवून अर्धा तास झाला नाही तोच बाईचा चेहरा आणि छाती लालबुंद झाली. डोकं फुटेल असं दुखू लागलं, छाती धडधडायला लागली, मग उलटी. मुलीचेही गाल लाल झाले आणि ती अंग खाजवून रडायला लागली. नवरा आणि सासू तेच कालवण जेवले होते. त्यांना काहीच झालं नाही.

आता तुम्हीच सांगा, त्या घराने काय समजावं? मासे वाईट असते तर सगळ्यांनाच बाधले असते. त्रास फक्त दोघींना झाला, आणि गोळ्या खाणाऱ्याही त्या दोघीच. म्हणजे दोष गोळ्यांचा. मला यात अडाणीपणा दिसत नाही. चांगल्या डोक्याने काढलेला हिशेब आहे तो, आणि अर्धा बरोबरही आहे.

त्यांनी गोळ्या बंद केल्या. दोघींच्याही. पुडकं कणगीच्या मागे गेलं.

मी गेले तेव्हा बाई म्हणाली, "खाते की रोज." पण टीबीच्या औषधात रिफाम्पिसिन असतं, त्याने लघवी नारिंगी होते. विचारलं तर म्हणाली, "आता साफ होते." मग मी पुडकं मागितलं. अकरा दिवसांच्या गोळ्या तशाच होत्या. आणि मी काय केलं? रागावले. सासूसमोर रागावले. बाई खाली मान घालून एवढंच म्हणाली, "सिस्टर, त्या गोळ्यांनी माझं आंग पेटलं." मी म्हटलं, गोळ्यांनी असं होत नाही. एका वाक्यात तिला खोटं ठरवून मोकळी झाले.

संध्याकाळी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मला विचारलं, "त्या रात्री जेवण काय होतं?" मी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत गेले, तेव्हा सासूने बांगड्यांची सगळी हकीगत सांगितली.

आता यामागे काय घडतं ते नीट समजून घ्या. बांगडा, तारली, कुपा, सुरमई अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य नैसर्गिकच भरपूर असतं. मासा मेल्यावर उबेत राहिला की त्यावरचे जंतू वाढतात आणि त्या हिस्टिडीनचं हिस्टामिन करतात. गांधील माशी चावल्यावर कातडी लाल होते, खाजते, त्यात हेच हिस्टामिन असतं. ते एकदा तयार झालं की शिजवून, तळून, हळद-कोकम लावून जात नाही. उकळल्याने जंतू मरतात, हिस्टामिन तसंच राहतं. मासा नाकाला वाईट लागेलच असंही नाही. कधीकधी जिभेला तिखटासारखं चुरचुरतं, पण आपल्या कालवणात ते कळायचं कुणाला?

थोडं हिस्टामिन पोटात गेलं तर आपलं शरीर ते मोडून टाकतं. म्हणूनच नवरा आणि सासू ठणठणीत राहिले. पण टीबीच्या गोळीत जे आयसोनियाझिड आहे, ते हिस्टामिन मोडण्याच्या त्या कामात अडथळा आणतं. आईच्या गोळीत ते होतं, मुलीच्या छोट्या गोळीत तर तेच औषध होतं. दुसऱ्याला जे पचतं ते या दोघींना बाधलं. ही गोष्ट काही नवी नाही. श्रीलंकेत डॉ. उरागोडा यांनी टीबीच्या रुग्णांत माशांनी होणारा हा त्रास पाहून १९७७ साली त्यावर लिहिलं होतं. आणि मी इतकी वर्षं पाड्यांवर फिरूनही एका रुग्णाला ते सांगितलं नव्हतं.

अ‍ॅलर्जी वेगळी, हे लक्षात ठेवा. ज्याला माशाची अ‍ॅलर्जी आहे त्याला तो मासा ताजा असला, थोडासाच खाल्ला, तरी दरवेळी त्रास होतो. त्याने तो मासा सोडलेलाच बरा. हिस्टामिनचा त्रास त्या दिवशीच्या त्या माशाचा असतो. बहुतेकदा काही तासांत उतरतो, डॉक्टर त्यावर साधी खाजेची गोळी देतात. पण ओठ-जीभ सुजली, श्वास अडकू लागला, चक्कर येऊन पडलं, तर कारण शोधत बसू नका, गाडी शोधा. आणि टीबीच्या औषधावर असलेल्याला सारख्या उलट्या होत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, तर ते माशावर ढकलू नका. ते यकृताचं असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

मग मासे बंद करायचे का? मुळीच नाही. ओढ्याचे, तळ्याचे ताजे मासे, वलगणीचे मासे पकडून लगेच शिजवले तर हा धोका फार कमी. फक्त बांगडा, तारली, कुपा या जातीचे मासे औषध संपेपर्यंत टाळा म्हणावं. खारवलेला बांगडाही टाळा, कारण सुकवण्याआधी तो किती वेळ उन्हात पडला होता ते आपल्याला माहीत नसतं. अंडी, डाळ, कुळीद, उडीद, नागली आहेच. आपल्या लोकांना मासे सोडा म्हणणं सोपं आहे, पण ताटात मग उरतं काय याचा विचार आपण करायला हवा.

मी त्या घरी तिसऱ्यांदा गेले ती माफी मागायला. सासूसमोरच मागितली, कारण रागावलेही तिच्यासमोरच होते. बाई आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी खोटं नव्हते बोलत." गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू झाल्या, राहिलेले डोस डॉक्टरांनी पुढे वाढवून दिले. थुंकी पुन्हा तपासली. तिचा कोर्स पूर्ण झाला, मुलीचाही. शेवटच्या दिवशी तिने वजनकाट्यावर उभं राहूनच विचारलं, "सिस्टर, आता बांगडा खाऊ ना?" काटा चव्वेचाळीस दाखवत होता.

तुम्हाला आज माशांची चित्रं असलेला एक कागद मिळेल. कुठले चालतील, कुठले नाहीत, वाचता न येणाऱ्यालाही कळेल असा आहे. तो गोळ्यांच्या पुडक्याबरोबरच द्या. आणि ज्यांच्या यादीत सध्या गोळ्या चुकवणारं कुणी आहे, त्यांनी चहानंतर माझ्याजवळ थांबा. त्या रुग्णाने आदल्या रात्री काय खाल्लं होतं, हे कुणी विचारलंय का, ते आपण एकेकाचं बघू.