ईसॉपचा खर्च कोणाच्या खात्यावर?





लहान कंपनीचा मालक ईसॉपची, म्हणजे कर्मचाऱ्यांना ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क देणाऱ्या योजनेची, चौकशी करायला आला की विचारतो, "सगळे धरून किती होतील?" आपण सीए, सीएस मंडळी योजनेचा मसुदा, सभेचा ठराव, मूल्यांकन, एसएच-६ नोंदवही यांची फी सांगतो. हा हिशेब बरोबर असतो, पण अर्धाच. उरलेले बिल काही वर्षांनी कर्मचाऱ्याच्या हातात पडते.

उदाहरण घेऊ. व्हेस्टिंगसाठी, म्हणजे हा हक्क पक्का होण्यासाठी, कायद्याने किमान एक वर्ष थांबावे लागते. त्यानंतर एखाद्याने दहा रुपयांप्रमाणे हजार शेअर घेतले आणि त्या वेळी मर्चंट बँकरने भाव ५१० काढला, तर फरकाचे पाच लाख पगाराचाच भाग ठरतात. तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह १ लाख ५६ हजार कर लागतो. शेअरचे दहा हजार वेगळेच. कंपनी शेअर बाजारात नाही, त्यामुळे शेअर विकून कर भरावा म्हटले तर गिऱ्हाईक नाही. शेवटी टीडीएस पगारातूनच कापला जातो.

२०२० च्या वित्त कायद्याने हा कर पुढे ढकलण्याची सोय केली, पण फक्त पात्र स्टार्टअपसाठी. नुसती स्टार्टअप म्हणून मान्यता पुरत नाही, आंतरमंत्रालयीन मंडळाचे प्रमाणपत्र लागते. शिवाय नोकरी सोडली की सवलत संपते. भोसरीतला वीस वर्षांचा जुना कारखाना तर यात बसतच नाही.

कंपनीची बाजू पाहा. बायोकॉनच्या प्रकरणात आयकर अपील न्यायाधिकरणाच्या बंगळूर येथील विशेष पीठाने २०१३ मध्ये ईसॉपवरची सूट हा धंद्याचा खर्च मानला. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२० मध्ये तेच कायम केले. म्हणजे ज्या व्यवहारात कंपनीला वजावट मागता येते, त्याच व्यवहारात कर्मचारी खिशातून रोख भरतो.

अमेरिकेतील योजना वेगळी, ट्रस्टमार्फत चालणारी आहे. पण तिथे १९७४ च्या निवृत्तिलाभ कायद्याखाली योजना आखण्याचा खर्च मालकानेच सोसायचा असतो, कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टमधून तो घेता येत नाही. बाजारात नोंद नसलेल्या कंपनीला सोडून जाणाऱ्याचे शेअर वाजवी भावाने परत घेण्याचीही तयारी ठेवावी लागते. आपल्याकडे असे बंधन नाही, म्हणून ते योजनेच्या मसुद्यात लिहून घेणे आपले काम आहे.

माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, मसुदा आणि मूल्यांकनाची फी संपूर्णपणे कंपनीने भरावी. दुसरी, वजावटीमुळे वाचणाऱ्या करातून राखीव निधी उभारावा आणि कर भरण्यापुरते शेअर बायबॅकने परत घ्यावेत. कंपनी कायद्याच्या कलम ६८ ची मर्यादा भरणा झालेले भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या २५ टक्के आहे, ती आधीच तपासावी. तिसरी, ऑप्शन देतानाच कराचे उदाहरण मराठीत छापून कर्मचाऱ्याला द्यावे.

यातले काहीच परवडत नसेल, तर त्या मालकाला बोनस वाढवायला सांगा. योजनेची फी बुडेल, पण सल्ला खरा ठरेल.